अर्ध्या हेडला टोप्या

२ जानेवारी १९५८, चिंचवड

धोंडिबाची लॉरी पुन्हा दारात. रहाटणीचा धोंडिबा, लढाईनंतर लष्करानं डिस्पोजलला काढलेली गाडी, कऱ्हाडहून गूळ आणतो. तक्रार तीच. घाट उतरून खाली आला, ॲक्सिलेटर दाबला की मागं निळा धूर. परवा मागच्या बैलगाडीवाल्यानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला म्हणे. प्लग तेलात भिजतात, गाडी अडखळते. पिस्टनच्या रिंगा दोनदा बदलल्या, माझ्याच हातानं. रिंगांचा दोष नाही.

नाना म्हणाले, जुनं इंजिन आहे, तेल पिणारच, म्हाताऱ्याला तंबाखू लागते तसं. नाना वर्कशॉपचे मालक. त्यांचं म्हणणं गिऱ्हाइकासमोर खोडायचं नसतं. मी खोडलं. म्हटलं, तेल खालून येत नाही, वरून जातंय. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून वरखाली होते त्या गाइडमधून. उतारावर पाय उचलला की इंजिन आत ओढ घेतं आणि तेल दांडीवरून थेट सिलिंडरमध्ये.

 नानांनी चहा दोघांनाच सांगितला, धोंडिबाला आणि स्वतःला.

४ जानेवारी

पुण्याला जाऊन टोप्या आणल्या. रबराच्या, अंगठ्याएवढ्या, मधे भोक. गाइडच्या डोक्यावर घट्ट बसतात आणि दांडीवरचं तेल पुसून काढतात. दुकानदार सील म्हणतो. मला टोपीच बरं वाटतं. दुसऱ्या कुठल्या नव्या इंजिनाच्या आहेत, आमच्या गाइडांचं डोकं त्यांना जाड पडतं. म्हणजे डोकं बाहेरून तासायचं, अगदी मधोमध, आणि उंचीही थोडी कमी करायची. कटर जास्त खाली गेला तर पातळ लोखंड, त्याखाली पाणी. अख्खं हेड, इंजिनाचा वरचा ठोकळा, भंगारात. या गाड्यांची हेडं आता शोधून मिळत नाहीत.

नानांनी टोपी बोटात घालून फिरवली, वास घेतला. मग म्हणाले, कर. पण ऐक. गुळाचा हंगाम संपेपर्यंत धोंडिबाची गाडी न कुरकुरता चालली, तर बाकीचे लॉरीवाले आपोआप येतील. मग मागची खोली रिकामी करून देतो, बायकोला आण. नाही चालली तर पुन्हा टोपीचं नाव काढायचं नाही.

मागची खोली! जिन्यामागची, नानांच्या भंगारानं छतापर्यंत भरलेली. गेल्या वैशाखात लग्न झालं. सुलू तिकडे कऱ्हाडजवळ आमच्या गावी, थोरल्या भावाच्या घरात, वहिनीच्या हाताखाली. मी इथे लेथ आणि दाराच्या मधे वळकटी पसरतो. लग्न झालंय हे पत्रातून कळतं.

आज लक्ष कामात नव्हतं. एक बुश दोनदा मोजला, दोनदा वेगळा आला.

७ जानेवारी

कटर फुटला. जुन्या ॲक्सलच्या पोलादाचा केला होता, पोकळ, आतल्या बाजूला दात, मधे गाइडमध्ये जाणारी खिळी. दोन दिवस घासला. भट्टीत लाल करून तेलात बुडवला आणि टिक् असा आवाज. बारीक भेग, केसाएवढी. नाना जिन्यावरून बघत होते.  

दुपारी जेवण गेलं नाही. नदीपर्यंत चालून आलो. परत आल्यावर कळेना कशाला गेलो होतो.

९ जानेवारी

दुसरा कटर जमला. घाई केली नाही, कमी लाल, संथ बुडवला. खोलीतल्या भंगारातून एक मेलेलं हेड ओढून काढलं, त्यावर चालवून बघितला. गाइडचं डोकं गुळगुळीत, मधोमध. टोपी अंगठ्यानं दाबली, टप्पकन बसली. एकटाच हसलो.

हेड ओढताना खोलीत पहिल्यांदा नीट बघितलं. मागच्या भिंतीला खिडकी आहे. गिअरबॉक्सांच्या मागे झाकली होती. चूल खिडकीखाली मांडता येईल.

११ जानेवारी

धोंडिबाच्या लॉरीचं हेड खोललं, टेबलावर घेतलं, बारा गाइडांना खडूनं खुणा केल्या. तेवढ्यात धोंडिबा आला. खाली वाकून बघितलं. कटर बघितला, टोपी दातात धरून चावून बघितली. मग म्हणाला, सगळ्या नको. निम्म्याच घाल.

मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत. त्याचं म्हणणं असं, की नवं बी आलं तर आमी ते सगळ्या रानात टाकत न्हाई. निम्म्या रानात नवं, निम्म्यात घरचं. बुडालं तर निम्मंच बुडतं. पुढच्या तीन सिलिंडरला टोप्या, मागच्या तिघांना जसं आहे तसं.

मी समजावलं. इंजिन म्हणजे वावर नव्हे. मागचे तीन धूर सोडणारच, मग टोप्यांचा उपयोग झाला की नाही हे लोकांना कसं दिसणार? धोंडिबा म्हणाला, लोकांना न्हाई, मला दिसलं पायजे.

नाना त्याच्याच बाजूचे. गिऱ्हाइकाची गाडी, गिऱ्हाइकाची मर्जी.

१२ जानेवारी

डोकं फिरलंय. काम निम्मं करायचं म्हणजे काय? न्हाव्याकडे जाऊन निम्मी हजामत करायची? मागच्या गाइडांवरच्या खडूच्या खुणा ओल्या फडक्यानं पुसल्या. पुसताना हात रागानं जोरात चालला. हेडला काय त्याचं.

रात्री खानावळीत झुणका. 

१४ जानेवारी. संक्रांत

सहा गाइडं तासली. प्रत्येकाला श्वास धरून. कटरवर कडं बसवलं होतं, ठरल्यापेक्षा खाली जाऊच नये म्हणून. तिसऱ्याला दात किंचित अडकला, थांबलो, फुंकर मारून लोखंडाचा भुगा काढला, पुन्हा. सहावं झालं तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, जानेवारीत.

खानावळीतून कणकेचा गोळा मागून आणला. मावशी म्हणाल्या, सणाच्या दिवशी एवढीशी कणीक कशाला? टोपीवर कणकेची गोळी ठेवायची, व्हॉल्व्ह पूर्ण दाबायचा, मग गोळी किती चपटी झाली ते मोजायचं. वरची स्प्रिंगची वाटी टोपीला टेकत नाही ना ते कळतं. नाही टेकत. चांगली जागा आहे.

नानांच्या घरून तिळगूळ आला. नाना गोड बोलले. आजच्या दिवसापुरतं असेल.

१६ जानेवारी

हेड बसवलं, गाडी सुरू केली. धूर आहे. मागच्या तिघांचा, दुसरं काय. धोंडिबा नुसता मान हलवत राहिला, त्यातून काय समजायचं ते समजा. रिकामी गाडी घेऊन कात्रजच्या घाटात गेला.

सुलूला पत्र लिहायला घेतलं. खोलीचं लिहू का? नाही झालं तर? चार ओळी लिहिल्या, प्रकृती, थंडी, वहिनीस नमस्कार. लिहून कंटाळा आला. तिला यातलं काय करायचंय.

१९ जानेवारी

प्लग काढले! धोंडिबासमोर, नानांसमोर, ओट्यावर ओळीनं मांडले. मागचे तीन काळे, ओले, बोट लावलं तर तेल. पुढचे तीन कोरडे, बदामी. हातच्या काकणाला आरसा कशाला. धोंडिबा कितीतरी वेळ उकिडवा बसून बघत होता. मग म्हणाला, व्हय. दिसलं.

तेव्हा ध्यानात आलं की सगळ्या घातल्या असत्या तर शेजारी ठेवायला ओले प्लग नसते. त्याचं बरोबर निघालं. त्याला सांगितलं नाही, आधीच मिशीत हसत होता.

नाना भंगारवाल्याला निरोप धाडतो म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. 

२३ जानेवारी

पत्र पोस्टात टाकलं. खोलीचं लिहिलं.

धोंडिबा एक खेप करून आला. गाडी उभी केली, इंजिन चालूच. मी बॉनेटजवळ होतो. चिरचिर ऐकू आली. बारीक, थांबून थांबून. पंख्याचा पट्टा असेल म्हणून पाणी शिंपडलं. पट्टा नाही. वरचं झाकण काढलं, दांडीवर तेलाचे थेंब सोडले, चिरचिर बंद. थोड्या वेळानं पुन्हा.

दुसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह. टोपी तेल पुसते, इतकं पुसते की गाइडला पुरत नाही. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचं चालून जातं, थंड राहतो. एक्झॉस्टमधून आगीसारखा धूर जातो, त्याची दांडी कोरडी पडली तर तापून गाइडमध्ये धरेल. व्हॉल्व्ह उघडा राहिला, वर पिस्टन आला, तर संपलं. चढावर इंजिन बंद, आणि भरलेली गाडी मागं. ब्रेक लढाईच्या वेळचे.

नानांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, नवीन जोडा कुरकुरतोच, चार दिवस घातला की गप्प होतो. हेड आता खोललंस तर धोंडिबा गावभर सांगेल की टोप्या निघाल्या. भंगारवाला सोमवारी येतोय.

धोंडिबा तंबाखू मळत समोर उभा होता. दोन पावलांवर. म्हणालो, गाडी चांगली चालतीय, फक्त घाटात जरा दमानं घ्या. तो म्हणाला, दमानंच घेतो की.

खरंच जोडा कुरकुरतो. कुरकुरतो नाहीतर काय.

२५ जानेवारी

धोंडिबा पहाटे गेला, कऱ्हाडला, गाडीत लोखंडी पाइप भरून. मी अंथरुणात होतो, गाडीचा आवाज ओळखला. उठलो नाही.

२७ जानेवारी

भंगारवाला आला. खोलीतलं निम्मं सामान अंगणात. नाना आज फार खुशीत, स्वतः दारात खुर्ची टाकून बसलेले. मला हाक मारून म्हणाले, पोरा, तुला एक गंमत सांगायची राहिली. धोंडिबाला तुझ्या गावाचा पत्ता दिलाय. येताना सुनबाईला घेऊन येतोय. तुझ्या भावाला मी आधीच लिहिलं होतं.

हातात गिअरबॉक्सची एक बाजू होती. खाली ठेवली. कशी ठेवली ते आठवत नाही, नाना म्हणाले, अरे पाय सांभाळ.

मी म्हटलं, त्या गाडीतून? नाना म्हणाले, मग काय विमानानं? आणि मग त्यांनाही आठवलं. चेहऱ्यावरून दिसलं. म्हणाले, धोंडिबा जुना माणूस आहे, काही होत नाही.

खंबाटकीचा घाट. मग कात्रजचा. गुळानं भरलेली गाडी.

२८ जानेवारी

आले नाहीत. धोंडिबा एरवी तिसऱ्या दिवशी परत असतो.

कामात लक्ष नाही. लेथवर टूल मोडलं. जेवलो नाही. हमरस्त्यावर जाऊन उभा राहिलो, पुण्याकडून येणारी प्रत्येक लॉरी बघितली. खडकीहून आलेल्या एका ड्रायव्हरला विचारलं, कात्रजला कुठली गाडी उभी आहे का? तो म्हणाला, तिथं रोजच कुठलीतरी उभी असते.

स्टेशनवर जाऊन कऱ्हाडला तार करावी का? काय लिहू? गाडीत बसू नका? बसली असणार एव्हाना. नाना म्हणाले, गुळाच्या वजनाचा काटा उशिरा होतो, बाजार भरलेला आहे, थांबले असतील. त्यांनाही झोप नाही, डोळे सांगतात. माझ्यासारखे तेही दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले, आल्यावर म्हणाले पान खायला गेलो होतो. नाना पान खात नाहीत.

स्वतःचाच राग येतो आणि राग काढायला इथे कोणी नाही. अंगणात रिकामा डबा होता, त्याला लाथ मारली.

२९ जानेवारी

आले.

सकाळी दहाच्या सुमाराला. गाडी दारात वळली तेव्हा मी पत्र्याच्या शेडमध्ये, हातात ग्रीस. धोंडिबा उतरला, पलीकडच्या दारानं सुलू. नऊवारी, डोक्यावर पदर, पदरावर धूळ, हातात ट्रंक. वाळली आहे. आधी नानांच्या पाया पडली. मी पुढं झालो, हात ग्रीसचे, ट्रंक घेता येईना, तसाच उभा. ती हसली.

कऱ्हाडला काटा उशिरा झाला म्हणून खोळंबा. बाकी काही नाही. बाकी काही नाही!

नानांकडे चहा झाला. नानींनी प्रवासाचं विचारलं. सुलू म्हणाली, सारा रस्ता इंजिनात चिमणी ओरडत होती. चढ लागला की जास्त. खंबाटकीत तर एवढी ओरडली की धोंडिबादादांनी गाडी दगड लावून थांबवली, गार होऊ दिली, मग पुन्हा. ती हे गंमत म्हणून सांगत होती. नानांनी बशी खाली ठेवली.

खोली दाखवली. उरलेलं भंगार एका कोपऱ्यात आहे. तिनं खिडकी उघडली, बाहेर बघितलं, म्हणाली, चांगली आहे.

३० जानेवारी

सकाळी धोंडिबा दुसऱ्या खेपेची तयारी करून आला. मी किल्ली मागितली. म्हटलं, गाडी जायची नाही. हेड खोलायचंय. चिरचिर मी तेविसालाच ऐकली होती, कशाची ते माहीत होतं, तुम्हाला सांगितलं नाही.

नाना शेजारीच. त्यांच्याबद्दल बोललो नाही. तेच मग पुढं होऊन म्हणाले, यानं मला सांगितलं होतं, मीच याला गप्प केलं.

धोंडिबानं किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाला, खोल.

दुपारपर्यंत हेड टेबलावर. हवेचे तिन्ही व्हॉल्व्ह छान, दांड्या ओलसर, टोप्या जागच्या जागी. एक्झॉस्टचे दोन खरचटलेले. तिसरा, दुसऱ्या सिलिंडरचा, हातानं हलेना. दांडी निळी पडलेली. लाकूड ठेवून ठोकला तेव्हा सुटला. आणखी एक चढ टिकला नसता. धोंडिबानं तो व्हॉल्व्ह उचलून हातात धरला, निळ्या भागावरून अंगठा फिरवला. मी सांगितलं, हवेच्या बाजूच्या ठेवू, एक्झॉस्टच्या काढू, तिन्ही गाइडं नवी करून घालतो. खरंच ते बरोबर आहे, आता मला पक्कं कळलंय. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, आज सांगत न्हाई. उद्या येतो. सगळ्याच काढ म्हणेल, किंवा हेड दुसरीकडे नेईल, किंवा. त्याचा हक्क आहे.

खोलीचं मी विचारलं नाही. नानांनीही काढलं नाही. भंगारवाला उरलेला माल घ्यायला आला होता, नानांनी त्याला परत पाठवलं.

संध्याकाळी सुलूला सगळं सांगितलं. खोलीचं, टोप्यांचं, चिरचिरीचं. ती विस्तव घालत होती. ऐकताना हात थांबले नाहीत. नंतर म्हणाली,

"मी गाडीत बसले तवा तुमाला ठावं हुतं?"

म्हटलं, तू बसणार हे ठाऊक नव्हतं गं. ठाऊक असतं तर गाडी हलू दिली नसती. आईशप्पथ.

तिनं फुंकणी खाली ठेवली.

"मग गाडीत धोंडिबादादा हुतेच की."

 भाकरी तिनं वाढली, स्वतःही जेवली. ट्रंक अजून उघडलेली नाही, भिंतीला लावून ठेवली आहे. मी विचारलं, उघडू का, तर म्हणाली, राहू द्या, उद्या धोंडिबादादा काय म्हणतात बघू.

३१ जानेवारी

सकाळपासून दारात आहे. हेड टेबलावर, पोतं टाकून झाकलंय. धोंडिबा अजून आलेला नाही.